अण्णांची सीईटी

माझे सासरे निवृत्त होऊन सात-आठ महिने झाले असतील. एका सकाळी मी पडवीत मुलांच्या वह्या तपासत बसले होते. ते समोर येऊन उभे राहिले, मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "वकिलीच्या सीईटीचा फॉर्म भरलाय. बाकीचं मी बघतो. इंग्रजीचं तेवढं तुझ्याकडं."

मला वाटलं गावातल्या कुणाचा तरी फॉर्म असेल. बोरीत कुणाला कसलाही फॉर्म भरायचा असला की तो अण्णांकडे येतो. पण स्क्रीनवर फोटो त्यांचाच होता. टोपी काढून काढलेला, आणि कपाळावर टोपीची रेघ तशीच.

"तुमचा फॉर्म?"

"मग कुणाचा? वयाची अट न्हाई. दोनदा वाचलंय मी."

अण्णा गावच्या हायस्कुलात तीस वर्षं शिपाई होते. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी बाहेरून बी.ए. केलं, तेही मराठी घेऊन, कारण त्यात इंग्रजीला जेमतेम पास झालं तरी भागत होतं. मी लोणीची. एम.ए. इंग्रजी करून या घरात आले आणि तेव्हापासून पडवीत अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टवर. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरंय की. तेवढाच त्यांचा वेळ जाईल," आणि कुशीवर वळला. वेळ त्यांचा नव्हे, माझा जाणार होता, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

या परीक्षेत बाकीचे प्रश्न मराठीतूनही असतात. इंग्रजीचा भाग मात्र इंग्रजीतच. उतारे, त्यांवरचे प्रश्न, व्याकरण, शब्दार्थ. मी म्हटलं, चार महिने आहेत, रोज सकाळी एक तास. माझ्या मुलांना मी याहून कमी वेळात तयार करते.

पण मुलांना काही येत नसतं. अण्णांची अडचण निराळी होती. त्यांना सगळं येत होतं. तीस वर्षं वर्गांच्या बाहेर स्टुलावर बसून त्यांनी पाच-सहा इंग्रजीच्या शिक्षकांचे तास ऐकले होते. नियम त्यांना पाढ्यासारखे पाठ. थर्ड पर्सन सिंग्युलरला एस लागतो, हे ते झोपेतही सांगतील. लावायचा कुठं ते मात्र ठाऊक नाही. आणि मी काही सांगायला गेले की, "आमचे सर असं न्हवते सांगत." हे सर कोण, तर एक बदलून गेलेले आणि एक वारलेले. दोघांशीही वाद घालायची सोय नव्हती.

पहिल्याच आठवड्यात आर्टिकल्स घेतली. 'अ', 'ॲन' आणि 'द'. अर्धा तास समजावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आपल्या मराठीत 'द' न्हाई."

"नाही."

"मग आपलं आजपर्यंत काय अडलं?"

मी म्हटलं, "अण्णा, त्यांच्यात आहे. आपण त्यांची परीक्षा देतोय."

"देऊ की. पण गरज काय, ते सांग."

त्या दिवशी 'द' पुढे सरकला नाही.

मग मोजता येणारी आणि न येणारी नामं. मी फळ्यावर लिहिलं, फर्निचर हे मोजता येत नाही, म्हणून त्याला एस लागत नाही. अण्णा उठून उभेच राहिले. "कोण म्हणतंय मोजता येत न्हाई? दर जूनला मी मोजत व्हतो. बाकं, टेबलं, खुर्च्या, मोडकी निराळी."

"बाकं मोजता येतात. फर्निचर नाही."

"बाकं म्हंजे फर्निचर न्हाई?"

"आहे."

"मग?"

माझ्या सासूबाई पडवीच्या कडेला लसूण सोलत बसल्या होत्या. त्या खाली मान घालून हसायला लागल्या. मला हसू येत नव्हतं. आठ वाजता माझी मुलं यायची असत आणि पावणेआठपर्यंत आम्ही बाकांवरच होतो.

प्रीपोझिशनला तर रडायची वेळ आली. 'मॅरीड टू' त्यांना पटेना. लग्न माणसाशी होतं, माणसाकडे होत नाही, म्हणून 'विथ'च पाहिजे. सासूबाईंकडे बोट करून म्हणाले, "हिच्याशी झालं माझं. हिच्याकडं न्हाई झालं." मी म्हटलं, पाठ करा. ते म्हणाले, पाठ करायचंच व्हतं तर तुझ्याकडं कशाला आलो.

एकच धडा त्यांना पहिल्या फटक्यात आला. पॅसिव्ह व्हॉइस. माझी बारावीची मुलं वर्षभर ज्याच्यावर डोकं आपटतात, तो. मी 'द ग्लास वॉज ब्रोकन' लिहिलं आणि विचारलं, यात काय दिसतंय? अण्णा तात्काळ म्हणाले, "काच फोडण्यात आली. कुणी ते सांगायचं न्हाई." मग त्यांनीच मला समजावलं. शाळेतली नोटीस घेऊन ते वर्गावर्गात फिरत, त्यात सगळं असंच असायचं. कळविण्यात येते, ताकीद देण्यात येते, रजा मंजूर करण्यात येत आहे. कधी कुणी काही केलेलं नसायचंच. त्या तासाला त्यांनी वीसपैकी वीस वाक्यं बरोबर सोडवली. मला खूप बरं वाटलं. तो आनंद दुसऱ्या दिवशी सातपर्यंत टिकला.

खरी मारामारी उताऱ्यांची. व्याकरणात चुकलं तर चुकलं म्हणता येतं. उताऱ्यात अण्णा चुकायचे नाहीत, उताराच चुकलेला असायचा. पाण्यावरचा उतारा आला की ते येडगावच्या धरणावर जाणार, तिथून कालव्याच्या आवर्तनावर, आणि प्रश्नाचं उत्तर लिहिणार ते स्वतःच्या मनाचं. मी रोज सांगायचे, "अण्णा, अकॉर्डिंग टू द पॅसेज. उताऱ्यात काय म्हटलंय तेवढंच." ते मान हलवायचे. पुढच्या उताऱ्याला पुन्हा तेच.

अडीच महिने झाले होते त्या दिवशी. सराव-पुस्तकात बिबट्यावरचा उतारा होता. बिबट्या हा लाजाळू प्राणी आहे, तो माणसांपासून लांब, घनदाट जंगलात राहतो, असं काहीसं. पहिला प्रश्न, उताऱ्यानुसार बिबट्या कुठे राहतो? पर्याय चार. घनदाट जंगल, शेतजमीन, डोंगरमाथा, नदीकाठ. अण्णांनी शेतजमिनीवर खूण केली.

मी शांतपणे म्हटलं, "उताऱ्यात काय लिहिलंय?"

"जंगल लिवलंय. पण ते चूक हाय."

"चूक असू दे."

"असू दे कसं? मागच्या महिन्यात आपल्या खालच्या उसात तीन दिवस बसला व्हता. तू पोरांचा संध्याकाळचा क्लास साडेपाचला का सोडतीस? जंगलातल्या बिबट्याला भिऊन?"

"अण्णा, परीक्षेत हे चालत नाही."

"मग परीक्षाच चूक हाय. आमचे सर म्हणायचे, वाचताना डोकं गहाण ठिवायचं न्हाई."

मला रात्रभर नीट झोप नव्हती. बारावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, दोन पालक दारात येऊन बोलून गेले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "तीस वर्षं वर्गाबाहेर घंटा वाजवली म्हणून इंग्रजी येत नसतं, अण्णा."



त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला, पुस्तक मिटलं. "बरं," म्हणाले. तेवढंच. आणि टोपी घालून मळ्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सातला ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. दुपारी जेवण झालं की पिशवी घेऊन आळेफाट्याला जायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. माझ्याशी बोलणं बंद नव्हतं. "चहा ठेव", "लाईट गेली का" एवढं होतं. तेच जास्त लागत होतं. चौथ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता मीच सासूबाईंना म्हटलं, "मी चुकले, आई. पण हे कशाला हवंय त्यांना या वयात? वकिली करणार आहेत का?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाल्या, "तुला म्हाईत न्हाई व्हय? शाळेच्या दारात एकदा पोरांची हाणामारी झाली व्हती. हे साक्षीला गेलते कोर्टात. ह्यांनी सांगितलं काय घडलं ते. मग दोन वकील आन् जजसायेब इंग्रजीत काय तरी बोलले, ह्यांच्याकडं बघून. आन् हसले. हे घरी आले ते जेवलेच न्हाईत. मला म्हणाले, काय बोलले गं ते? मला काय म्हाईत? मी अडाणी." मग त्या म्हणाल्या, "बरीच वर्सं झाली. तवापासनं डोक्यात हाय."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं, तर त्यालाही ठाऊक नव्हतं.

आठवड्याने मी स्कूटी काढली आणि आळेफाट्याला गेले. मुलांसाठी खडू आणायचे होते हे खरं होतं, पण खडू अजून अर्धा डबा शिल्लक होते हेही खरं. वह्या-पुस्तकांचं एक जुनं दुकान आहे तिथं. शेठ अण्णांच्याच वयाचे, जैन. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ मराठी बोलतात ते आमच्यासारखंच. शाळेचे खडू, शाई, हजेरीपुस्तकं आणायला अण्णा तीस वर्षं याच दुकानात यायचे. त्यामुळे ते कुठे जात असतील याचा अंदाज मला होता.

दुकानात शिरले तर दोघं गल्ल्यामागे स्टुलावर बसलेले. मधे माझंच सराव-पुस्तक. शेठ मोठ्याने इंग्रजी वाचत होते, आणि 'नॉलेज'ला 'क्नॉलेज' म्हणत होते. मी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. मी वह्यांच्या गठ्ठ्यामागे उभी राहिले.

शेठ म्हणत होते, "अण्णा, तू पुन्हा पयल्यापासून वाचाया लागला. गिऱ्हाईक दारात आलं की आपण काय करतो? आधी सगळ्या फळ्या बघत बसतो का? आधी विचारतो, काय पायजे? मग बरोबर त्याच फळीवर हात घालतो. खालचा प्रश्न आधी वाच. त्यो तुझं गिऱ्हाईक. मग वर जा."

अण्णांनी प्रश्न वाचला. वर गेले. बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले. "हे सापडलं. पण शेठ, हे बरोबर न्हाई."

"तुला कुणी विचारलं? त्यानं निळी शाई मागितली, निळी द्यायची. काळी जास्त टिकती, हे तुला ठाव असंल, मला बी ठाव हाय. पण मागितली कुठली?"

"निळी."

"मग दे की राव निळी!"

अण्णा हसले. आणि खूण केली. मी मान उंचावून पाहिलं. उत्तर बरोबर होतं.

मला काय वाटलं ते नीट सांगते. आधी राग आला. अडीच महिने मी जे इंग्रजीत आणि मराठीत सांगून थकले, ते या माणसाने शाईच्या दौतीवर उरकलं होतं. एम.ए.च्या दोन वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. मग लाज वाटली. अण्णांना उत्तर चुकवायचं नव्हतंच कधी. आपल्याला खरं काय ते माहीत आहे, हे कुणीतरी मान्य करावं, एवढंच हवं होतं. शेठ आधी ते मान्य करत होते आणि मग निळी शाई मागत होते. मी फक्त शाई मागत होते.

"खडूचे दोन डबे द्या," मी पुढे होऊन म्हटलं.

अण्णांनी पुस्तक झाकायला हात पुढे केला, पण झाकलं नाही. शेठ म्हणाले, "या सूनबाई. तुमचा विद्यार्थी लई भांडतोय."

"मला माहितीय," मी म्हटलं.

परत जाताना अण्णा माझ्यामागे स्कूटीवर बसले. मांडीवर खडूचे डबे. गाव आलं तेव्हा मागून आवाज आला, "उद्या प्रीपोझिशन घे. शेठला त्यातलं काय येत न्हाई."

"सातला या," मी म्हटलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. उतारे सुटायला लागले, पण प्रत्येक उताऱ्यानंतर "आता खरं काय ते ऐक" म्हणून दहा मिनिटं जायची. ती मी दिली. दात-ओठ खाऊन दिली. 'मॅरीड टू' त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही, फक्त लिहायला लागले. वेळ लावून सराव-परीक्षा घेतली की शेवटच्या पाच मिनिटांत ते आधीची बरोबर उत्तरं खोडून चूक करत. एकदा मी माझीच पट्टी मोडली, टेबलावर आपटून.

परीक्षा पुण्याच्या कडेला एका केंद्रावर होती. नवऱ्याची शिफ्ट होती म्हणून मीच सोबत गेले. पहाटे आळेफाट्याहून बस धरली. अण्णांनी स्वच्छ टोपी, इस्त्रीचा सदरा घातलेला. केंद्राच्या फाटकावर ही गर्दी. वॉचमनने अण्णांना हात केला, "काका, पालक तिकडे शेडमध्ये. मुलांनाच आत सोडायचंय."

अण्णांनी हॉलतिकीट पुढे केलं. त्याने तिकिटावरचा फोटो पाहिला, अण्णांकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "टोपी काढावी लागेल," एवढंच म्हणाला. अण्णांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि आत गेले. वळून बघितलं नाही.

मी शेडमध्ये बसले. शेजारी एक बाई डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"सासरे."

"नाही, परीक्षेला कोण बसलंय?"

"सासरेच."

त्यांनी डब्यातली एक चकली काढून मला दिली.

अण्णा बाहेर आले ते शेवटच्या मुलांबरोबर. चेहऱ्यावरून काही कळेना. टोपी घातली आणि चालायला लागले. स्टँडवर उसाचा रस घेतला. बस सुटल्यावर मी विचारलं, "इंग्रजीचा उतारा कसा होता?"

"सोपा."

"कशावर होता?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "म्हाताऱ्या माणसांवर. तरुणपण सरलं की माणसाचं डोकं घट्ट व्हतं म्हणे. नवी भाषा शिरत न्हाई. शिरली तरी ऱ्हात न्हाई. आन् खाली प्रश्न, लेखकाचं मत काय?"

चार महिन्यांत मी त्यांना पुरती ओळखून चुकले होते. "मग काय केलं तुम्ही?"

"चौथा पर्याय व्हता, यापैकी न्हाई. लई येळ माउसचा बाण तिथंच नेऊन ठिवला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण लेखकाचं मत इच्यारलं व्हतं. माझं न्हाई. त्याचं हाय ते त्याला देऊन टाकलं."

"म्हणजे बरोबर आलं."

"बरोबर आलंच. पण लिवलं कुणी असंल ते? काही अभ्यास करून लिवतात का नुसतं बसल्या बसल्या?"

राजगुरुनगर येईपर्यंत ते त्या उताऱ्याचा समाचार घेत होते. पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. एरवी मी म्हटलं असतं, अण्णा, पुरे. त्या दिवशी म्हटलं नाही. उलट मीच दोन-चार गोष्टी त्यात घातल्या. मला त्या लेखकाचा इतका राग आला होता की तो बसमध्ये असता तर मी भांडलेच असते.

निकाल लागला तेव्हा अण्णांना इंग्रजीत माझ्या अंदाजापेक्षा चांगले गुण होते. घात झाला तो सामान्य ज्ञानात. त्याचा अभ्यासच केला नव्हता. "रोज पेपर वाचतो मी, सामान्य ज्ञान काय शिकायचं?" हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि मला इंग्रजीपुढे तिकडे बघायला सवड नव्हती. पहिल्या फेरीत नाव नाही, दुसऱ्या फेरीत नाही. ते रोज सकाळी मोबाईल बघायचे आणि पेपर काढणाऱ्यांना नावं ठेवायचे. शेवटच्या फेरीत दीड तासावरच्या एका कॉलेजात जागा मिळाली. सासूबाईंनी शिरा केला. शेठनी हिरव्या कव्हरची सहा मोठ्या वह्या पाठवल्या. मी मनात म्हटलं, सुटले.

कुठली सुटतेय? पेपर ते मराठीतून लिहिणार आहेत, पण पुस्तकं इंग्रजीतूनच वाचायची, असा त्यांचा हट्ट. परवा सकाळी मी चुलीपुढे होते, हात पिठात, आणि ते कायद्याचं जाड पुस्तक घेऊन आत आले. एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली. ओळ कसली, अर्ध्या पानाचं एकच वाक्य. त्यात तीनदा 'प्रोव्हायडेड दॅट'.

"यातलं क्रियापद कुठलं?" त्यांनी विचारलं.

मी तशीच वाकून वाचलं. शेवटपर्यंत पोहोचले तोवर सुरुवात विसरले. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तव्यावरची भाकरी करपली.

"तुलाबी येत न्हाई," अण्णा म्हणाले.

"येतंय," मी म्हटलं. "पुस्तक तिकडं फडताळावर ठेवा. भाकऱ्या होऊ द्या, मग बघते."

ते पुस्तक घेऊन तिथेच पाटावर बसले आणि वाक्य मोठ्याने वाचायला लागले.